पोटखराब्यातले पूर्वज

काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात माण तालुक्यातल्या आमच्या गावात श्रमदान चाललं होतं. पहाटे पाचला टिकाव, खोरी, घमेली घेऊन माळावर जायचं आणि ऊन चढायच्या आत परतायचं. ओढ्याला अनगड दगडांचे बांध घालायचे होते, त्यामुळे दगड हवे होते भरपूर. माळाच्या उंचवट्यावर एक जुनी रास होती. कमरेएवढी उंच, घेर वीस-बावीस पावलांचा. आयतं डबर. आम्ही साखळी करून एकेक दगड खाली द्यायला लागलो. आमचे एक चुलते, आण्णा, वय ऐंशीच्या घरात, काठी टेकत वर आले आणि म्हणाले, "पोरांनो, ती रास हलवू नगा. तितं कोण तरी निजलंय."

कोण, ते त्यांना सांगता येईना. त्यांच्या आज्यानं त्यांना सांगितलं होतं, एवढंच. आम्ही हसलो. एकजण म्हणाला, "आण्णा, निजलं असंल तर उठंल की, बांध भरला की पाणी प्यायला." दोन दिवसांत निम्मी रास ओढ्यात गेली. तळाशी पोचलो तेव्हा कडेचे दगड हलेनात. पहार घातली तरी नाही. ते पडलेले नव्हतेच, उभे रोवलेले होते. एकाला एक खेटून, गोलात. त्यांच्या उत्तरेकडच्या अंगावर करड्या-पिवळ्या दगडफुलाचे वाटीएवढे चट्टे चढले होते. आम्ही ते दगड तसेच सोडले. जाणीव झाली म्हणून नव्हे, पहार वाकली म्हणून.

ती रास थडगंच होती असा माझा दावा नाही. आमच्याकडं दगडांच्या राशींना तोटा नाही. पिढ्यान्‌पिढ्या शेतं वेचून लोकांनी दगड बांधावर टाकलेत. मेंढक्यांनी वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, कडेनं रचलेत, वाटसरूंनी खिंडीत एकेक टाकून ढीग केलेत. शंभरातल्या नव्वद राशी अशाच निघतील. पण वेचलेल्या दगडांची रास शेताच्या कडेला असते, कारण भर उन्हात ओझं घेऊन टेकाडावर कुणी चढत नाही. तिच्यात गोल रोवलेली कड नसते. तिचे दगड त्याच वावरातले असतात, वरचेवर नवे पडत असतात आणि खालचे मातीत हातभर रुतलेले नसतात. हा फरक जाणत्या माणसाला अर्ध्या दिवसात कळतो. माझं सगळं म्हणणं या अर्ध्या दिवसापुरतं आहे. यंत्र लावायच्या आधी कुणीतरी येऊन बघावं.

नागपूरजवळ, काटोल रस्त्याला जुनापाणीला, असे दगड कुणीतरी बघितले म्हणून आज आपल्याला ठाऊक आहेत. तिथं सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत. मोठ्या धोंड्यांचं कडं, आत माती आणि दगडगोट्यांची भर आणि त्या भरीखाली लोखंडयुगातली माणसं. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात तिथं खणलं. पुढं १९७० च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट, खापा, माहुरझरी इथं पद्धतशीर उत्खननं केली. त्यांना काळ्या-तांबड्या रंगाची भांडी मिळाली, लोखंडी कुऱ्हाडी आणि खंजीर मिळाले, लाल अकीकाचे मणी मिळाले आणि माणसाबरोबर पुरलेले घोडे मिळाले, तेही तांब्याच्या साजासकट. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. हे लोक अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचे. लिहिलेला एक शब्द त्यांनी मागं ठेवलेला नाही. जे काही ठेवलं ते दगडाखाली, मेलेल्याच्या उशाशी.

आता सातारा-सांगलीच्या माणसाला विचारा, तुमच्याकडं वारसा काय? तो अजिंक्यतारा म्हणेल, सज्जनगड म्हणेल, प्रतापगड म्हणेल. लिंबची बारामोटेची विहीर दाखवेल, मेणवलीची घंटा दाखवेल. कराडजवळची आगाशिवची लेणी फार तर. आमचं इतिहासप्रेम १६३० ला सुरू होतं आणि १८१८ ला संपतं. त्या आधीचं सगळं "पांडवांनी बांधलेलं" आणि नंतरचं सगळं "इंग्रजांनी केलेलं". यात टोमणा कमी, कबुली जास्त आहे. मीही गडकोटांवर वाढलेला माणूस आहे. आजही अजिंक्यताऱ्याच्या दरवाजातून वर जाताना अंगावर काटा येतो.

तरी एक गोष्ट लक्षात येते. किल्ल्यासाठी भांडायला माणसं आहेत, कारण किल्ला आपला वाटतो. वीरगळांचंही गेल्या काही वर्षांत बरं चाललंय. धुण्याचा दगड झालेले, चावडीच्या पायरीला बसवलेले वीरगळ ठिकठिकाणची पोरं उचलून देवळाच्या भिंतीला नीट उभे करताहेत, कारण त्यावर लढणारा माणूस कोरलेला दिसतो. राशीवर काहीच कोरलेलं नाही. तिच्याखालच्या माणसाचं नाव नाही, जात नाही, देव नाही, भाषा कुठली तेही कळत नाही. त्याच्यासाठी मोर्चा काढून मतं मिळायची नाहीत. त्याचा वंशज म्हणून कुणी पुढं येत नाही, म्हणून त्याची रास सरळ खडीच्या भावानं जाते. मला यात उलटंच दिसतं. ज्याच्यावर कुणा एकाचा हक्क नाही, असा आमच्या माळावरचा हा एकच वारसा.

खडीचा भाव हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात समुद्राकाठी बार्नेनेझ नावाची दफनरास आहे. ७० मीटरहून लांब, आत अकरा दालनं, सहा हजार वर्षांहून जुनी. म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांच्याही आधीची. १९५० च्या दशकात एका ठेकेदारानं तिथं रस्त्याच्या दगडासाठी खाण लावली. शेजारची धाकटी रास जवळजवळ संपली. मग थोरलीला हात घातला आणि तिचं पोट फाटल्यावर आतली दालनं उघडी पडली. तेव्हा कुठं आरडाओरड होऊन काम थांबलं. जिओ नावाच्या पुरातत्त्वज्ञानं पुढं १९६८ पर्यंत ती खणून सावरली. आज प्रवासी तिकीट काढून बघायला जातात आणि यंत्रानं फाडलेली बाजू तशीच उघडी ठेवलेली आहे. एक रास वाचली, एक गेली. फरक एवढाच की थोरलीची पाळी नंतर आली.

आमच्याकडं हेच बहात्तरच्या दुष्काळात घडलं असणार. त्या साली माणदेशात माणसं खडी फोडून जगली. आण्णाही जगले. माझी आजी सांगायची, दगड कुठून आणला हे कुणी विचारत नव्हतं, किती फोडला एवढंच विचारत होते. त्या हातांना मी दोष देणार नाही. पोटासाठी घणानं फोडलेल्या राशीत आणि पोकलेननं एका दुपारी सपाट केलेल्या राशीत फरक आहे. घण मारणारा माणूस मोठ्या धोंड्यापाशी थांबायचा. खाली हाड दिसलं तर बिचकायचा, चार माणसांना सांगायचा. यंत्राच्या केबिनमधून हाड दिसत नाही. क्रशरच्या तोंडात गेलेला दगड कुणी बघत नाही, मोजतात ते ब्रास.

आणि आता माळांची गरज अचानक सगळ्यांनाच लागली आहे. चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आल्या तेव्हा प्रत्येक खांबापाशी अवजड गाडी जाईल असा रस्ता काढावा लागला. जत, कवठेमहांकाळकडच्या माळांवरही तेच. आता गायरानांवर सौर प्रकल्प येताहेत. वीज हवी आहे. माझ्या घरच्या पंपालाही दिवसा हवी आहे, रात्री बिबट्याच्या भीतीनं दारं धरून मी कंटाळलोय. पण जी जमीन शतकानुशतकं नांगराखाली आली नाही तीच या कामांसाठी "पडीक" म्हणून पहिल्यांदा निवडली जाते, आणि जुन्या राशी टिकल्या असतील तर नेमक्या तिथंच, नांगर फिरला नाही म्हणून.

कायदा नाही असं नाही. १९०४ च्या प्राचीन स्मारक कायद्याच्या व्याख्येतच मातीदगडाचा उंचवटा आणि दफनाची जागा आहे. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात तीच व्याख्या आली आणि किमान १०० वर्षं जुनं हवं ही अटही. म्हणजे दगडाखाली निजलेल्या निनावी माणसाला कायद्यानं ताजमहालाच्या ओळीत बसवलंय. अडचण पुढची आहे. संरक्षण मिळतं ते अधिसूचना निघालेल्या स्मारकाला. अधिसूचना निघायला आधी कुणीतरी बघावं लागतं, बघायला माणूस यावा लागतो, आणि माणसाला कुठं यायचं ते कळायला नोंद लागते. नोंद नाही.

नोंद होऊन तरी सगळं भागतं असं नाही. केंद्राच्या यादीत साडेतीन हजारांहून जास्त स्मारकं आहेत. २०१३ मध्ये महालेखापरीक्षकांनी प्रत्यक्ष जाऊन बघितलं तर त्यातली ९२ जागेवर सापडेनात. पुढं शोधाशोध झाली, काही मिळाली, आणि २०२४ मध्ये १८ नावं यादीतून काढायचं ठरलं. स्मारकं हरवतात. ज्यांची फाइल होती त्यांची ही गत.

यादीत नाव गेलं की काय होतं, हे शेतकऱ्याला कुणी सांगायची गरज नसते. २०१० च्या दुरुस्तीनं केंद्रसंरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढं २०० मीटर परवानगीशिवाय काही नाही. किल्ल्याला, लेण्याला हे ठीक. दोन एकराच्या वावरात एक रास असेल तर सगळं वावरच बंदीत जातं. मग त्यानं काय करावं? तो रात्री जेसीबी बोलावतो. मी त्याच्या जागी असतो तर बहुधा हेच केलं असतं. संरक्षणाची भीती हेच नाशाचं कारण होतं, आणि पुरातत्त्वप्रेमी मंडळी हे बोलायला कचरतात म्हणून इथं स्पष्ट लिहितो. छोट्या राशींना शंभर मीटरचा नियम लावायचा असेल तर तो न लावलेला बरा. तिथं कड्याबाहेर पाच-दहा पावलं पुरतात.

त्यापेक्षा सातबारा बघा. सातबाऱ्यावर विहीर असते, आंब्याची झाडं असतात, कर्जाचा बोजा असतो. माळावरच्या राशीची जागा "पोटखराबा" म्हणून दाखवलेली असते, म्हणजे लागवडीला नालायक. इतर हक्काच्या रकान्यात एक ओळ घाला, अमुक ठिकाणी जुनी दगडी रचना, तपासणीशिवाय हलवू नये. जमीन त्याचीच, विकायला मोकळा, पीक घ्यायला मोकळा, फक्त ती पाच गुंठे तशीच. त्या पाच गुंठ्यांचा वर्षाचा काही मोबदला सरकारनं दिला तर फार उत्तम. गौण खनिजाची रॉयल्टी जमा होतेच, तिच्यातला किरकोळ हिस्सा पुरेल. आणि खडीचा, मुरमाचा, प्रकल्पाचा परवाना देताना तलाठी जसा पंचनामा करतो तसाच त्यात एक रकाना असावा. जागेवर गोल रचना, उभे रोवलेले दगड, जुनी रास आहे का? हो असेल तर आधी तपासणी, मग परवाना.

यासाठी नवं खातं काढायची गरज नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगाव लोकजैवविविधता नोंदवह्या झाल्याच आहेत. बऱ्याच ठिकाणी त्या ग्रामपंचायतीच्या कपाटात पडून आहेत ही गोष्ट वेगळी, पण त्या करताना म्हाताऱ्या माणसांना बसवून झाडपाल्याची नावं विचारली गेली. त्याच म्हाताऱ्यांना दगड विचारा. कुठल्या राशीवर संध्याकाळी जायचं नाही, कुठल्या धोंड्याला शेंदूर लावतात, कुठल्या टेकाडाची पांढरी माती घराच्या भेंड्याला आणायचे. जुन्या वस्तीची जागा म्हणजे ती पांढर, हे गावाला आधीपासून ठाऊक असतं. इतिहासकार दा. ध. कोसंबी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी हिंडले तेव्हा त्यांनीही हेच केलं. ग्रामदेवतेची जागा, मेंढरांची वाट आणि जुनी दगडी हत्यारं यांचा माग त्यांनी एकत्र काढला.

भीतीनं फार काही जपलंय, हे विसरून चालणार नाही. आयर्लंडमध्ये शेतातली जुनी गोल गढी नांगरली तर तिथले भूतपरीसारखे "ते लोक" घराचं वाटोळं करतात अशी समजूत होती, आणि शेकडो गढ्या त्या समजुतीवर टिकल्या. आमच्या आण्णांचं "कोण तरी निजलंय" त्याच जातीचं. डॉ. दाभोलकरांच्या साताऱ्यातला मी माणूस, भुताची भीती परत आणा असं म्हणणार नाही. भीतीची दुसरी बाजूही आमच्याकडं आहेच. राशीखाली गुप्तधन आहे म्हणून अमावास्येला मधोमध खड्डा खणणारे, लिंबू-कुंकू टाकून जाणारे. त्यांना १८७८ चा निधी कायदा माहीत नसतो. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तरी कलेक्टरला कळवावं लागतं. आजचा हिशोब केला तर एका मण्यासाठीसुद्धा. पण भीती गेली आणि तिच्या जागी काहीच आलं नाही, तर रिकामी झालेली ती जागा क्रशरवाला भरतो.

"जिवंत माणसाला पाणी नाही आणि तुम्ही मेलेल्यांच्या दगडांचं काय घेऊन बसलात?" हा प्रश्न मला गावात विचारला गेलाय. प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तरही अशाच मेलेल्यांनी दिलंय. शिरूर तालुक्यात घोडनदीकाठी इनामगाव आहे. १९६८ पासून पुढं दीड दशक तिथं उत्खनन चाललं. ताम्रपाषाणयुगातली ती वस्ती इसवीसनापूर्वी १६०० ते ७०० या काळातली. मेलेलं मूल ते लोक घरातच, जमिनीखाली पुरायचे. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत मूल. मोठ्या माणसाचे पाय घोट्याखाली तोडून पुरायचे. एक माणूस चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला सापडला, पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात. पण मला धरून ठेवतं ते त्यांचं शेवटचं पर्व. चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. बार्लीचं पीक कमी झालं, शिकारीच्या प्राण्यांची हाडं वाढली. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी यातून पावसानं दगा दिल्याची मांडणी केली. शेती सुटली, जनावरं घेऊन फिरणं आलं, शेवटी गाव उठलं. माण-आटपाडीच्या माणसाला ही गोष्ट परकी वाटेल का? जगायला जाणं ही आमची रीत तीन हजार वर्षांपूर्वीही कुणाची तरी होती, आणि ते कळलं मडक्यांवरून, हाडांवरून, जळक्या दाण्यांवरून. जागचं हललेलं नव्हतं म्हणून कळलं. तेच मडकं उचलून संग्रहालयाच्या कपाटात ठेवलं असतं तर ते मडकंच राहिलं असतं. राशीतला दगड एकदा ओढ्यात गेला की तो कुठल्याही ओढ्यातल्या दगडासारखा दगड.

एवढं सगळं म्हणून झाल्यावर मला खरी धास्ती आहे ती प्रेमाची. कुणी सांगितलं की ही रास प्राचीन आहे, तर पुढच्या आठवड्यात तिथं काय होईल ते डोळ्यांपुढं दिसतं. कोनशिला, फरशी, स्टीलचं रेलिंग, ऑइलपेंट, सेल्फी पॉइंट, आणि "सुशोभीकरण" हा भयानक शब्द. दक्षिण कोरियातल्या गिम्हे शहरात ३५० टनांची शिळा असलेलं एक दफनस्मारक आहे. २०२२ मध्ये तिथं नगरपालिकेनंच दुरुस्तीच्या नावाखाली भोवतालचे मूळ दगड उपसले आणि खालचा थर बिघडवला. आयर्लंडच्या नॉकनेरी डोंगरावर दंतकथेतल्या राणी मेव्हची म्हणून मानलेली प्रचंड रास अजून कुणी खणलेली नाही. लोक चढून चढून आणि खिशात आठवणीचा दगड घालून नेऊन तिला झिजवताहेत म्हणून तिथं वर चढू नका असं विनवावं लागतं. कासच्या फुलांच्या पठाराचं आपण बघितलंच. फुलं जपायला कुंपण घातलं, आणि फुलांना कुंपणाचाच त्रास होतो असं लक्षात आल्यावर ते काढलं. राशीला काही घालू नये. शेरडं चरू द्यावीत. पाटी नको, सिमेंट तर नकोच नको.

ओढ्यातले आमचे बांध चांगले झाले, हेही सांगितलं पाहिजे. पहिल्याच पावसात पाणी अडलं, खालच्या तीन विहिरींना फरक पडला. मी मध्ये एकदा उन्हाळ्यात त्या बांधावर जाऊन बसलो होतो. दगडफुलाचा चट्टा असलेला एक तरी ओळखू येतो का बघत होतो. पाण्यात राहून सगळे एकसारखे काळपट झालेत.

उरलेल्या निम्म्या राशीसाठी मी गेल्या ग्रामसभेला अर्ज दिला. राशीची आणि गावातल्या अशा जागांची पंचायतीत नोंद व्हावी, सातबाऱ्यावर शेरा पडावा, पुरातत्त्व खात्याला बघायला बोलवावं. आण्णा आता नाहीत, पण त्यांचं वाक्य अर्जात घातलं. कुणी विरोध केला नाही. सरपंच म्हणाले, चांगला विषय आहे. ग्रामसेवकांनी अर्ज दोनदा वाचला, ठरावाची वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि मला विचारलं, "घेतो की. पण गुरुजी, ह्याला हेड कुठला टाकू?"